पाइपातली हवा

(आपल्या गणेशोत्सवात संध्याकाळच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांनी तो स्मरणिकेसाठी स्वतः लिहून दिला आहे.)

दरवर्षी या कार्यक्रमात माझे काम ठरलेले असते. माइकची वायर धरायची, जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते पाहायचे आणि प्रसादाच्या वेळी पाण्याचे पिंप भरून ठेवायचे. यंदा समितीने मला म्हटले, "तुम्ही तीस वर्षे पाइपांत काढलीत, त्यावरच काहीतरी बोला." मी म्हटले, लोक इथे कीर्तन ऐकायला येतात, पाइप ऐकायला कोण बसणार? त्यावर आमच्या एका वहिनींनी विचारले, "आमच्या वरच्या मजल्यावर नळ फुसफुसतो आणि पाणी येत नाही, ते का?" चौकशी केली तर आपल्या ओळखीच्या पाच-सहा घरांत हेच दुखणे निघाले. तेव्हा ठरवले की यावरच बोलायचे. शिवाय या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती चार लोकांसमोर कबूल करण्याला बाप्पासमोरची जागा बरी.

आपण इथे कोण कुठून आलो! कोणी विटा-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यानिमित्त आले, कोणी बँकेच्या बदलीवर आले आणि इथलेच झाले, आणि माझ्यासारखे काही जण सीतापुऱ्याच्या कारखान्यांत नोकरीला लागले. जयपूरला घर परवडेना म्हणून टोंक रस्त्याने चाळीस किलोमीटर खाली चाकसूला आले. गावाकडे असताना आपण पाण्यासाठी आडावर, ओढ्यावर, टँकरवर गेलेलो माणसे. त्यामुळे नळाला पाणी आले की हात जोडायची सवय आहे. इथल्या जमिनीखालचे पाणी कसे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. जयपूर जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी ते खारे आणि फ्लोराइडचे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उपायच नसेल तर फार तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्याहून जास्त असले आणि वर्षानुवर्षे प्यायले तर दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. म्हणून बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाच्या पाण्याची या भागाला एवढी ओढ. जयपूर शहराला ते पाणी २००९ पासून मिळू लागले. टोंक जिल्ह्यातून इतक्या लांबून, इतक्या खर्चाने येणारे पाणी आपल्या दारात पोचावे आणि शेवटच्या दहा फुटांत अडावे, यासारखे दुर्दैव नाही. आणि अडवते कोण? दगड नाही, गाळ नाही. अडवते ती हवा.

आता माझी गोष्ट सांगतो.

२०१७ च्या सुरुवातीला आम्ही घरावर वरचा मजला चढवला. आईला खालच्या खोलीत रस्त्याचा आवाज सहन होत नसे, म्हणून तिची खोली आणि न्हाणीघर वर केले. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी होतीच. खालच्या मजल्याची लाइन टाकीतून सरळ डक्टमधून खाली गेलेली होती, तिला काही त्रास नव्हता. वरच्या न्हाणीघरासाठी टाकीला दुसरे भोक पाडून नवी लाइन काढली. मिस्त्री इथलाच, वयाने माझ्याहून मोठा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "बाबूजी, मुंडेर में नीचे छेद कर देता हूँ, पाइप सीधा निकल जाएगा." मुंडेर म्हणजे आपला गच्चीचा कठडा. कठड्याला नुकताच गिलावा होऊन रंग लागला होता. मी म्हटले, अजिबात भोक पाडायचे नाही, पाइप कठड्यावरून घ्या. तो एकदा म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला, मग गप्प बसला. मालकाचे म्हणणे! त्याने पाइप चार फूट वर चढवला, कठड्यावरून पलीकडे नेला, बाहेरच्या भिंतीने खाली उतरवला आणि फरशीपासून एक फुटावर न्हाणीघरात आत घेतला. काम संपल्यावर त्याने खालून रबरी पाइप लावून ती लाइन पाण्याने भरून दिली. तेव्हा मी विचारलेसुद्धा नाही की हे कशासाठी. दोन महिने पाणी उत्तम आले. मी मनात म्हटले, बघा, उगाच भोक पाडत होता.

मार्चमध्ये शीतला मातेची जत्रा आली. इथे तिला चैत्र कृष्ण अष्टमी म्हणतात, आपल्या पंचांगात ती फाल्गुन वद्य अष्टमी. शील की डूंगरीवर केवढी गर्दी लोटते ते तुम्ही पाहताच. आमच्याकडे कारखान्यातली मंडळी सहकुटुंब दर्शनाला आली, दोन दिवस पंधरा माणसे घरात. टाकी कोरडी झाली. पाहुणे गेले, टाकी पुन्हा भरली, खालचे नळ सुरू झाले, पण वरच्या न्हाणीघरात पाणी येईना. टाकी काठोकाठ भरलेली असली की बादलीच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. टाकी थोडी उतरली की तीही बंद. गीझरचा नळ तर नुसता "फुस्स" करायचा.

मी मिस्त्रीला बोलावले. त्याने युनियन खोलून पाहिले, पाइपात कचरा नव्हता. तो म्हणाला, "हवा भर गई है, मुंडेर वाला पाइप नीचे लेना पड़ेगा." मला वाटले, हा आपले जुने म्हणणे खरे करून दाखवतो आणि वर पैसेही काढतो. मी त्याला चार माणसांत बोललो. त्याचे तीन हजार रुपये द्यायचे राहिले होते, ते मी दिले नाहीत. म्हटले, आधी पाणी आण, मग पैसे ने. तो हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला.

पुढचा आठवडा आई खालून बादलीने पाणी वर नेऊ लागली. आम्ही घरात असलो की नेऊन द्यायचो, पण ती पहाटे चारला उठणारी. कोणाला उठवायचे नाही, हा तिचा स्वभाव. एका पहाटे जिन्याच्या वळणावर पाय घसरला. उजव्या हाताचे मनगट मोडले. दीड महिना प्लॅस्टर. त्या वर्षीच्या गणपतीत तिच्या मुठीत पुरती ताकद आली नव्हती, मोदकाची पारी वळता येईना. ती पाटावर बसून नुसती सुनांना सांगत होती. आपल्या घरी गणपतीला आईच्या हातचे मोदक नाहीत, असे ते पहिले वर्ष. आई आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे. ती म्हणते, झाले-गेले कशाला सांगतोस. पण सांगितले नाही तर पुढचे समजणार नाही.

माझी अक्कल पुढे आणखी उलटी चालली. टाकी काठोकाठ असली की थोडी धार येते, मग टाकी सतत भरलेली ठेवावी. त्यासाठी खालची तळटाकी लवकर भरली पाहिजे. म्हणून एका मित्राच्या सल्ल्याने मी रस्त्याच्या नळाला थेट मोटर लावली. आठ दिवसांनी शेजारचे मास्तर हात जोडून आले. म्हणाले, जरा आमच्याकडे चला. त्यांनी आपला नळ उघडला आणि तोंडाशी वहीचा कागद धरला. कागद नळाला चिकटून बसला! माझी मोटर त्यांच्या नळातून हवा ओढत होती. मास्तर एवढेच म्हणाले, "हमारे यहाँ अब पानी नहीं, हवा भी उलटी जाती है." मी घरी येऊन मोटर काढली. खरे सांगतो, तोंड वर करून त्यांच्याशी बोलवेना.

डोळे उघडले ते कारखान्यात. आमच्या युटिलिटी विभागात थंड पाण्याची मोठी लाइन आहे. तिच्या सर्वांत उंच जागी एक छोटी चावी आहे, दर आठवड्याला ती उघडून हवा काढायची, हे माझेच काम. एक शिकाऊ मुलगा शिडी धरून उभा होता. त्याने विचारले, "सर, ही चावी इतक्या उंचावर कशाला लावली? खाली असती तर सोपे गेले असते." मी सवयीने उत्तर दिले, "अरे, हवा हलकी. ती उंचावर जाऊन बसते, आणि बसली की पाणी अडवते." बोललो आणि शिडीवर तसाच थांबलो. पंचवीस-तीस वर्षे मी पोरांना हे शिकवत होतो, आणि माझ्या घरी पाइपाची सर्वांत उंच जागा मीच हट्टाने कठड्यावर करून ठेवली होती.

आता हे हवेचे गणित सोपे करून सांगतो. नळातून पाणी येते ते टाकीतल्या पाण्याच्या उंचीमुळे. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी वर, तितका जोर. दहा मीटर, म्हणजे साधारण तेहतीस फूट उंचीला एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. आपल्या घरात टाकी वरच्या मजल्याच्या डोक्यावर असते, म्हणून खाली जोर भरपूर आणि वर अगदी थोडा.

आमच्या घराचे माप घ्या. टाकी एक फुटाच्या ओट्यावर. पूर्ण भरली की पाणी गच्चीपासून पाच फुटांवर. खोलीची उंची दहा फूट, गीझरचा नळ फरशीपासून सात फुटांवर. म्हणजे स्लॅबची जाडी सोडून गीझरला मिळणारा जोर पाच अधिक तीन, आठ फुटांचा. आता पाइप बघा. तो गच्चीपासून चार फूट उंच कठड्यावरून गेला आणि तिथून फरशीपर्यंत उतरला. टाकी कोरडी झाली तेव्हा पाइपात हवा शिरली. तळाच्या वळणात थोडे पाणी राहिले. टाकी पुन्हा भरल्यावर नवे पाणी कठड्यावरून आले, पण खाली जुने पाणी आणि वर नवे पाणी यांच्यामध्ये हवा कोंडली. तिला बाहेर जायला वाट नाही. उतरत्या पाइपात साधारण अकरा फूट उंचीची हवा अडकली. नियम असा आहे की उतरत्या पाइपात जितके फूट हवा, तितके फूट जोर वजा. आठ फुटांतून अकरा कसे वजा करणार? म्हणून गीझर कोरडा. बादलीचा नळ अडीच फुटांवर, त्याचा जोर साडेबारा फूट. त्यातून अकरा गेले की थोडे उरते, म्हणून करंगळीएवढी धार. टाकी थोडी उतरली की तेही संपते. आणि खालच्या मजल्याच्या लाइनला असा उंचवटाच नव्हता, म्हणून तिकडे काही अडले नाही. दोन-तीन ठिकाणी असे उंचवटे असले तर सगळ्यांची वजाबाकी एकत्र होते, हेही लक्षात ठेवा.

मग मी काय केले? तळटाकीच्या मोटरवर खाली एक नळ आहे. त्या नळाला रबरी पाइपचे एक टोक आणि वरच्या न्हाणीघरातल्या थंड पाण्याच्या नळाला दुसरे टोक क्लिपने घट्ट बसवले. गीझरचे बटण बंद केले. आधी वरचा नळ पूर्ण उघडला, मग मोटर चालू करून खालचा. मुलाला गच्चीवर उभे केले. मिनिटभरात तो ओरडला, "बाबा, टाकीत बुडबुडे!" पाणी उलट्या दिशेने चढले आणि हवेला टाकीत ढकलून मोकळे झाले. बुडबुडे थांबल्यावर मोटर बंद केली, दोन्ही नळ बंद करून रबरी पाइप काढला. वरचा नळ उघडला तर भरभरून धार! म्हणजे मिस्त्रीने जाताना रबरी पाइप लावला होता तो याचसाठी.

इथे एक सूचना. हा रबरी पाइप रस्त्याच्या नळाला जोडू नका. तिथला दाब मध्येच गेला तर तुमच्या टाकीतले पाणी सगळ्या गल्लीच्या पिण्याच्या लाइनमध्ये जाईल. आपल्या स्वतःच्या मोटरची लाइन वापरा आणि काम झाले की लगेच सोडा. जोड फक्त थंड पाण्याच्या नळाला द्या. गीझरच्या तोंडाशी उलटे पाणी न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे गरम नळातून ढकललेले पाणी टाकीपर्यंत पोचणार नाही.

त्यानंतर माझी दुसरी चूक. मला वाटले, आता कायमचा बंदोबस्त करू. कठड्यावर सर्वांत उंच जागी 'टी' लावून एक उघडा पाइप टाकीच्या डोक्यापेक्षा वर नेला, म्हणजे हवा आपोआप जाईल. पहिल्या दिवशी छान चालले. दुसऱ्या दिवशी टाकी फूटभर उतरली आणि वरचे पाणी साफ बंद! विचार केल्यावर समजले. पाइप चार फुटांवरून जातो. टाकीतले पाणी चार फुटांच्या खाली गेले की ते कठडा ओलांडते ते केवळ पलीकडे उतरणाऱ्या पाण्याच्या ओढीने, बाटलीतून नळीने रॉकेल काढतो तसे. ती ओढ टिकण्यासाठी पाइप हवाबंद पाहिजे. मी वर भोक ठेवले आणि ओढ मोडली. हजार लिटरच्या टाकीतले वरचे एक फूट पाणी तेवढे वापरता येऊ लागले.

तेव्हा मात्र मी सायकल काढून मिस्त्रीच्या घरी गेलो. तीन हजार रुपये आधी हातात दिले आणि म्हटले, चूक माझी होती, चार माणसांत बोललो तेही चुकले. त्याने पैसे न मोजता खिशात ठेवले आणि विचारले, "माताजी का हाथ कैसा है?" आईच्या पडण्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी तो आला. कठड्याच्या तळाशी भोक पाडले, टाकीपासून पाइप सतत उतरता घेतला, कुठेही चढ ठेवला नाही. हवेचा उघडा पाइप कठड्यावरून काढून टाकीच्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे लावला, टाकीच्या पाण्यापेक्षा फूटभर उंच नेला, तोंड खाली वाकवले आणि डास जाऊ नयेत म्हणून जाळी बसवली. अर्धा दिवस काम. सामान काही शे रुपयांचे. त्यानंतर टाकी कितीदा तरी कोरडी झाली, पण वरचा नळ एकदाही अडला नाही. कठड्याच्या गिलाव्याला एक ठिगळ दिसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते मुद्दाम दाखवतो.

मंडळी, ही विद्या काही नवी नाही, आणि आपल्याला तर परकी मुळीच नाही. पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात, इ.स. १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ नेला आणि पेठांमधले हौद त्यावर भरले. त्या नळावर ठिकठिकाणी उंच बांधकामे केली होती, कोंडलेल्या हवेला वाट मिळावी आणि आत उतरून पाहता यावे म्हणून. त्यांना नाव काय दिले होते? उच्छ्वास! किती नेमका शब्द. पाण्याच्या नळालाही श्वास सोडावा लागतो, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना माहीत होते. आजही मोठ्या जलवाहिन्यांवर चढाच्या माथ्यावर लोखंडी एअर व्हॉल्व्ह बसवतात. आत एक गोळा असतो. हवा असली की तो खाली बसतो आणि हवा जाऊ देतो, पाणी आले की तरंगून तोंड बंद करतो. गावाकडे अशा गळक्या व्हॉल्व्हवर आपण हंडे भरले आहेत, पण तो तिथे का आहे हे कधी विचारले नाही.

आता घरी जाऊन काय करायचे ते थोडक्यात सांगतो. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, कारण नळ अडल्याचा त्रास पहिल्यांदा त्यांनाच होतो.

पहिले, हवा की कचरा ते ओळखा. टाकी कोरडी होऊन भरल्यावर किंवा दुरुस्तीनंतर लगेच पाणी अडले, नळ फुसफुसतो, खोकल्यासारखे थांबून-थांबून येते, टाकी भरलेली असताना थोडे येते, तर बहुधा हवा आहे. पाणी दिवसेंदिवस हळूहळू कमी झाले, तर नळाची जाळी काढून पाहा. इथल्या जड पाण्याने तिथे क्षार बसतात.

दुसरे, सोपा उपाय आधी. टाकी काठोकाठ भरा. त्या लाइनवरचा सर्वांत खालचा नळ, जाळी काढून, पूर्ण उघडा. तो एकसारखा वाहू लागला की मग वरचे एकेक उघडा. बारीक धारेने हवा निघत नाही, वेगाने वाहणारे पाणीच तिला ओढून नेते. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. न भागल्यास रबरी पाइपचा उपाय.

तिसरे, गीझर. हवा अडकली असताना किंवा टाकी कोरडी असताना गीझर लावू नका. गरम नळातून अखंड धार येऊ लागली की मगच बटण दाबा. आत पाणी नसेल तर कॉइल जळते.

चौथे, घर बांधताना पाइप सतत उतरता ठेवा. कठड्यावरून, दरवाजाच्या चौकटीवरून, खिडकीवरून कमान करून घेऊ नका. प्लॅस्टिकचे पाइप इथल्या मे महिन्याच्या उन्हात मऊ पडून झोळ खातात, मग दोन क्लिपांमध्ये दरी आणि क्लिपवर टेकडी तयार होते. क्लिपा जवळ-जवळ मारा आणि पाइप उन्हापासून झाका. टाकीच्या व्हॉल्व्हपुढे हवेचा पाइप लावा. मात्र तो गच्चीच्या टाकीच्या लाइनवरच चालतो. मोटरच्या दाबाच्या लाइनवर उघडा पाइप ठेवलात तर कारंजे होईल, तिथे गोळ्याचा एअर व्हॉल्व्हच हवा.

पाचवे, मोटर. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, तर तिच्या पोटातही हवाच असते. वीज बंद करून वरचा बोल्ट काढा, पाणी ओता, बुडबुडे थांबेपर्यंत ओता, बोल्ट घट्ट करून मग चालू करा. पुन्हा-पुन्हा असे होत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतो किंवा ओढणाऱ्या पाइपाचा एखादा जोड हवा घेतो.

आणि सहावे, सगळ्यांत महत्त्वाचे. रस्त्याच्या लाइनला थेट मोटर लावू नका. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येते, बाकी वेळ लाइन रिकामी असते. पाणी सुटते तेव्हा आधी हवाच बाहेर येते, म्हणून पहिली काही मिनिटे नळ उघडा ठेवून ती जाऊ द्या आणि पहिले गढूळ पाणी झाडांना घाला. मोटरने ओढले की लाइनमध्ये उलटी ओढ तयार होते. जिथे जोड गळका असेल आणि शेजारी गटार असेल, तिथली घाण आत खेचली जाते. कावीळ आणि हगवण अशाच वाटेने घरात येतात, आणि त्या मोटरवाल्याचे घर सोडून जात नाहीत. पाणी आपल्या उताराने तळटाकीत पडू द्या, नळाचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर ठेवा आणि मोटर तळटाकीवर लावा. माझ्या आठ दिवसांच्या मोटरने मास्तरांच्या घरी किती गैरसोय झाली, ते मला नंतर कळले. इथे आपण बाहेरून आलेली माणसे. शेजाऱ्याने आपल्याला आपले म्हटले, ते पाण्यासारख्या गोष्टीवरून गमवायचे का?

शेवटी एवढेच सांगतो. हवा पाइपात कोंडते तशी मनातही कोंडते. उंच जागी जाऊन बसते आणि खालून येणारे चांगले अडवते. माझा हुद्दा, माझा रंगवलेला कठडा, मिस्त्रीपेक्षा मला जास्त कळते ही समजूत, ही सगळी तसलीच हवा होती. ती काढायला आईचे मनगट खर्ची पडले, याचे दुःख मला आहे. तुमच्याकडे कोणी मिस्त्री येऊन दोनदा एकच गोष्ट सांगत असेल, तर तिसऱ्यांदा त्याला सांगायला लावू नका. आणि त्याचे पैसे अडवू नका.

आपल्या ओळखीत ज्यांच्याकडे वरचा नळ फुसफुसतो, त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. रबरी पाइप आणि दोन क्लिपा मी स्कूटरच्या डिकीत घेऊनच आलो आहे. विसर्जनाच्या आधी सगळ्यांच्या घरी जाऊन येईन. मिस्त्रीलाही आज प्रसादाला बोलावले आहे, ते मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या वाजवाव्यात, अशी विनंती करतो.



गणपती बाप्पा मोरया!